चाबूक डाव्या हातात कसा?

"अगं, ऐकलंस का?" कुंपणापलीकडून काकूंचं एवढंच वाक्य आलं की मी गॅस बारीक करते. त्यांच्या आणि आमच्या रो-हाउसमध्ये कमरेएवढी भिंत आहे. भिंतीवर त्यांच्या कढीपत्त्याच्या फांद्या ओणवलेल्या असतात, आणि त्या फांद्यांवरून नाशकातल्या आमच्या उपनगर वस्तीतल्या निम्म्या घरांची खबरबात इकडून तिकडे जाते. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून पुढचा रस्ता उकरून ठेवलाय, त्यामुळे काकूंचं संध्याकाळचं फिरणं बंद. सगळा फेरफटका आता या भिंतीशीच.

"काय झालं काकू?"

"तिसऱ्या घरातली सून रिक्षा घेतेय."

"घेऊ दे की. भाड्यानं देईल."

"भाड्यानं कसली! स्वतः चालवणार आहे. बॅजसाठी अर्जसुद्धा केलाय म्हणे. सासू सकाळी दुधाची पिशवी घ्यायला आली ती रडकुंडीला आलेली. म्हणे, आमच्या घरात बाई कधी पायरी उतरून कुणाचे पैसे घ्यायला गेली नाही."

"पण त्या स्वतः पापडाच्या ऑर्डरी घेतात ना?"

"त्या घरी येऊन देतात लोक. ते वेगळं." काकूंनी एक फांदी मोडून माझ्या हातात दिली. "मला तर तू हॉलमध्ये ती मडमेची तसबीर लावलीस तेव्हाच वाटलं होतं, आता या गल्लीत कुणीतरी लगाम हातात घेणार."

ती तसबीर माझ्या भाच्यानं मुंबईच्या चोरबाजारातून आणली. एकोणिसाव्या शतकातलं एचिंग आहे, करड्या-काळ्या रेघांचं. बुटकी, चार चाकांची उघडी गाडी, पुढे दोन तट्टं, आणि गाडी हाकतेय एक बाई. टोपीवर पीस, हातात मोजे, पाठ अशी ताठ की बघणाऱ्यानं आपली पाठ सरळ करावी. मागे एका छोट्या बैठकीवर एक पोऱ्या, हाताची घडी घालून.

"आण बघू ती इकडे," काकू म्हणाल्या. "ह्यांनाही दाखवू. हे सकाळपासून पंचांग चाळताहेत, तेवढाच विरंगुळा."

काकूंचे यजमान अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. नोट छापायच्या कामात आयुष्य गेलेला माणूस. कुठलाही छापील कागद हातात आला की आधी त्यावर बोट फिरवतात आणि मग वाचतात. तसबीर भिंतीवरून पलीकडे गेली. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, फ्रेमच्या पाठीमागचे खिळे वाकवले, कागद बाहेर काढला, आणि आधी कडेवरून बोट फिरवलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "हा चौकोन दबलाय बघ. पत्र्याच्या कडेचा ठसा. नुसता फोटो छापला असता तर हा आला नसता."

"ते राहू द्या," काकू म्हणाल्या. "मला एक सांगा, ही मडम डावखुरी होती का? चाबूक डाव्या हातात आणि लगाम उजव्या. असं कुणी हाकतं का? आमच्या माहेरचा टांगेवाला लगाम डाव्या हातात घ्यायचा आणि चाबूक उजव्यात."

अण्णा हसले. असं हसू त्यांना प्रेसचं काही निघालं तरच येतं.

"ती उजवीच आहे. तुझा हा कागद डावखुरा आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगण्यासारखं आहे. एचिंगसाठी तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेतात. त्याच्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर देतात आणि मेणबत्तीच्या काजळीनं तो काळा करतात, म्हणजे सुईची रेघ पडली की खालचं तांबं चमकून दिसतं. चित्र काढायचं ते तांब्यावर नव्हे, त्या मेणावर. मग पत्रा तेजाबात सोडायचा. मेण शाबूत असेल तिथं तेजाबाचं काही चालत नाही. जिथं सुई फिरलीय तिथं ते तांबं खातं. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल, आणि छापल्यावर तितकी काळी.

"मागची झाडं फिकट आहेत ना? ती लवकर बाहेर काढून वॉर्निशानं झाकली असणार. घोडे जास्त वेळ तेजाबात राहिले."

"बिचारे," काकू म्हणाल्या.

"मग सगळ्या पत्र्यावर शाई चोळायची आणि वरवरची पुसून टाकायची. खाचांत राहते तेवढीच शाई. वर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून पत्रा काढायचा. कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. आता मला सांग, पत्र्यावर चाबूक उजव्या हातात काढला, तर कागदावर कुठं येईल?"

"डाव्या!" मी आणि काकू एकदमच म्हणालो.

"प्रेसमध्ये आमचे नक्षीकार पत्रा उलटाच कोरायचे. अक्षरं, आकडे, सगळं उलटं, तेव्हा नोटेवर सुलटं उमटतं. या चित्रकारानं मात्र बाई पाहिली तशी पत्र्यावर उतरवली आणि विसरला. किंवा विसरला नसेल, त्याला फरक पडत नसेल. चाबूक कुठल्या हातात आहे याची चिंता टांगेवाल्याला, चित्रकाराला कशाला?"

कोपऱ्यात खरडल्यासारखी सही होती. कुणाची, ते लागत नव्हतं. मी कागद फाटकापाशी उभ्या स्कूटीच्या आरशासमोर धरला. ८१ दिसत होतं ते १८ झालं. नाव तरीही लागलं नाही, पण शतक तेवढं पक्कं झालं. रेम्ब्राँसारख्या माणसानंसुद्धा १६२९ सालच्या स्वतःच्या एका चित्रात सही अशीच उलटी उमटू दिलीय, तेव्हा आमच्या या अनोळखी माणसाला कोण बोलणार!

अण्णांनी खिशातून शंभराची नोट काढली आणि गांधीजींच्या चित्रावरून माझं बोट फिरवायला लावलं. खरखरीत. "तीच विद्या. फक्त आमच्याकडं तेजाब नाही, कोरीव काम. इथली प्रेस १९२५ ची, नोटांची १९२८ ची. त्याआधी आपली तिकिटं आणि नोटा विलायतेहून छापून यायच्या."

"आणि भांड्यांवरची नावं?" काकूंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. काकूंच्या लग्नातला तांब्याचा हंडा तांबट आळीतला, आणि त्याच्या काठावर त्यांच्या माहेरच्यांनी घातलेलं नाव अजून वाचता येतं. तांब्यावर अक्षर खोदायचं काम नाशकात घराघरांत पोचलेलं होतं, फक्त त्याच्यावर शाई फासून कागद दाबायचं कुणाच्या मनात आलं नाही.

"आलं होतं," अण्णा म्हणाले. "पुण्यात. नाना फडणवीसांनी एका तांबटाला हाताशी धरून देवनागरी अक्षरं तांब्यावर कोरायला लावली, गीता छापायची म्हणून. १८०० साली नाना गेले आणि काम अडलं. पुढं मिरजेच्या पटवर्धनांकडं तो कारागीर गेला आणि १८०५ मध्ये गीता छापून झाली. आणि शनिवारवाड्यात वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकारानं चित्रशाळा काढली होती, तिथं शिकलेला गंगाराम तांबट वेरूळची लेणी अशी काढायचा की ती चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठात जपून ठेवलीत."

"आपले फाळके पण ब्लॉकच करायचे ना?" मी म्हटलं.

"त्र्यंबकचे! सिनेमाच्या आधी लोणावळ्याला त्यांनी एनग्रेव्हिंगचा छापखानाच काढला होता. १९०९ ला जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रं पाहून आले. पुढं भागीदारांशी बिनसलं, म्हणून तर आपल्याला सिनेमा मिळाला."

एवढं ऐकून काकूंना कंटाळा आला. त्यांचं लक्ष चित्रातल्या माणसांवर होतं, तांब्यावर नाही.

"हा मागे कोण बसलाय? नवरा?"

"नाही हो, नोकर. घोड्यांची देखभाल करणारा." विलायतेत बायकांसाठी अशी बुटकी फेटन गाडी मुद्दाम बनवत. चढायला सोपी, चाकं लहान, पुढं शांत तट्टं. चौथ्या जॉर्ज राजानं अशी गाडी स्वतःसाठी करवून घेतली, आणि पुढं व्हिक्टोरिया राणीही तशीच गाडी स्वतः हाकायची. काही शौकीन बायकांच्या चाबकालाच छोटी छत्री जोडलेली असे, ऊन लागू नये म्हणून. आणि मागे हा पोऱ्या ठरलेला. चांगल्या घरातली बाई एकटी हाकताना दिसू नये, म्हणून.

मेरी कॅसॅट नावाच्या अमेरिकन चित्रकर्तीनं १८८१ मध्ये पॅरिसमध्ये असंच एक तैलचित्र काढलं. तिची बहीण लिडिया लगाम धरून आहे, शेजारी देगा या चित्रकाराची चिमुरडी भाची बसलीय, आणि मागच्या बैठकीवर एक पोरगेलासा नोकर पाठमोरा, जणू गाडी कुठं चाललीय याच्याशी त्याचा संबंधच नाही. हे चित्र आता फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. लिडिया पुढच्याच वर्षी गेली. मला त्या चित्रात लिडियाचं तोंड आवडतं. तिला रस्त्याशिवाय काही दिसत नाहीये.

काकूंनी पोऱ्याकडं बोट दाखवलं. "मग तिसऱ्या घरातल्या सासूची अट वेगळी काय आहे?"

"कसली अट?"

"सांगायचंच राहिलं बघ. सासू म्हणते, रिक्षा चालव, पण धाकटा दीर मागे बसेल. सोबतीला. रोज."

"मग प्रवासी कुठं बसतील?"

"तेच मी म्हटलं! दोनच भाडी मिळतील. तर म्हणते, मिळू देत दोन, पण लोकांनी नावं नकोत ठेवायला."

अण्णा खो-खो हसले आणि पंचांग घेऊन आत गेले.

"काकू, आपल्याकडच्या बायका घोड्यावर बसायला घाबरल्या नाहीत कधी."

"मुळीच नाही. चांदवडला रंगमहाल बघायला गेलो होतो तेव्हा सांगत होते, होळकरांच्या घरातल्या भीमाबाईंनी महिदपूरच्या लढाईत घोडदळ नेलं."

"१८१७. आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी विधवा झालेल्या सुनेला, इंदुमतीदेवींना, शिकवलं, घोड्यावर बसवलं आणि मोटारही चालवायला लावली. महाराज स्वतः खडखडा नावाची घोडागाडी हाकत, रस्त्यात दिसेल त्याला वर बसवून घेत."

"राजाची सून गं ती. तिनं काही केलं तरी कौतुकच."

गोम इथंच आहे. आमच्या तसबिरीतल्या मडमेला कुणी काही म्हणालं नसणार. ती हौसेनं हाकतेय, गाडी घरची, तट्टं घरची, मागे पोऱ्या घरचा. तीच गाडी भाड्याची असती, तिनं दोन पैसे घेऊन कुणाला स्टेशनावर सोडलं असतं, तर? सआदत हसन मंटोची 'लायसन्स' नावाची गोष्ट आहे. टांगेवाला तुरुंगात मरतो, त्याची बायको टांगा दुसऱ्यांना चालवायला देऊन बघते, आणि प्रत्येकाची नजर टांग्यावर नाही, तिच्यावरच आहे हे कळल्यावर स्वतः टांगा जोडते. धंदा छान चालतो. मग कमिटी तिचं लायसन रद्द करते, बाईनं टांगा चालवायचा नाही म्हणून. पुढं तिला दुसरं एक लायसन मिळतं, बाजारात बसायचं. ते मात्र लगेच.

काकूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या बराच वेळ कढीपत्ता निवडत राहिल्या. "मेला लिहितो काय वाईट," एवढंच म्हणाल्या. मग, "पण आपली बसंती?"

"शोले १९७५ चा. मंटो त्याआधी वीस वर्षं गेला."

"मग एवढ्या वर्षांत काहीतरी झालं म्हणायचं. बसंतीला कुणी विचारलं नाही लायसन."

"रामगढला कमिटी नव्हती, डाकू होते."

नाशकात खरं तर टांग्यांचं राज्य होतं, आणि नुसत्या टांग्यांचंच नाही. काकूंच्या सासूबाई घोड्यांची ट्राम सांगायच्या. १८८९ मध्ये ती सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत. दोन डबे आणि चार घोडे. मधे सगळं रान. १९३१-३३ च्या सुमारास ती बंद पडली. त्या ट्रामवर कुणी बाई हाकायला होती का, असं मी विचारल्यावर काकू म्हणाल्या, "बसायला मिळालं तरी खूप होतं, हाकायचं काय घेऊन बसलीस!"

मला मात्र नाशिक म्हटलं की एक वेगळी बाई आठवते. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशकातला, १५ नोव्हेंबर १८६६. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. निकालात नंबर असा की विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती तिचीच, पण ती पुरुषांसाठी, म्हणून दिली नाही. वर्गणी जमवून ती ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, तिथं ती देणारी पहिली बाई. परीक्षा पास, डिग्री नाही! ती मिळाली १९२२ मध्ये. मधली वर्षं ती पडद्यातल्या राण्या-जमीनदारणींचे खटले, वाटण्या, वारसे सांभाळत राज्याराज्यांतून हिंडली. काम वकिलाचं करायचं, पण कोर्टात वकील म्हणून उभं राहायचं नाही. १९२३ च्या कायद्यानं हिंदुस्थानात बायकांना वकिलीची सनद मिळायला लागली, तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती.

"म्हणजे तीस वर्षं लगाम हातात आणि लायसन नाही," काकू म्हणाल्या.

हे वाक्य माझं असायला हवं होतं.

"आणि याच नाशकात मी रोज भाजीला जाते," त्या पुढं म्हणाल्या, "पण कुणी कधी सांगितलं नाही, अशी बाई इथली म्हणून. शाळेत आम्हाला फक्त आनंदीबाई डॉक्टर होत्या."

तेवढ्यात तिसऱ्या घराचं फाटक वाजलं. सून बाहेर आली, हेल्मेट हातात. ती थांबलीच आमच्यापाशी. काकूंनी क्षणात विषय बदलला. "काय गं, द्राक्षं कशी दिली आज?" सून हुशार. म्हणाली, "काकू, द्राक्षांचं राहू द्या. माझ्या रिक्षाबद्दल बोलत होतात ना?"

काकू अजिबात ओशाळल्या नाहीत. भिंतीवर कोपर टेकून त्यांनी उलट चौकशी सुरू केली. बॅजला पोलिसांचा दाखला लागतो का? लागतो. रिक्षा कर्जानं? हो. सीएनजी? हो. रात्री चालवणार? नाही, सकाळी शाळेच्या मुलांचं ठरलंय आणि दुपारी स्टेशन. शाळेच्या मुलांचं ऐकून काकूंचा चेहरा पालटला. "मुलींच्या आया तर तुझ्यामागेच लागतील गं."

"लागल्यात," ती म्हणाली. "पण घरी अट आहे."

"माहितीय. दीर."

"मी त्याला म्हटलं, चल, बस, पण मीटर पाडणार. रोजचं भाडं दे."

काकूंचं हसू थांबेना. मग गंभीर होऊन त्यांनी मला खूण केली, आणि मी त्या मुलीला मडमेची तसबीर दाखवली. तिनं ती नीट पाहिली. घोड्यांपेक्षा गाडीकडं जास्त, चाकांकडं, बैठकीकडं. आणि पहिलं विचारलं, "ही बसलीय डावीकडं का?" अण्णांनी तांब्यावर खर्च केलेली अर्धी दुपार तिनं एका प्रश्नात गाठली. ड्रायव्हरचीच नजर ती.

"चित्र उलटं आहे," काकूंनी अधिकारवाणीनं सांगितलं. "आणि हा मागचा पोऱ्या दिसतो ना, त्यालाही मीटर लाव."

ती गेल्यावर काकूंनी निकाल दिला. सासूला उद्या दुधाच्या वेळी समजवायचं ठरलं. कसं समजवायचं तेही ठरलं: एसटीचं स्टिअरिंग २०२३ पासून बायकांच्या हाती आलंय हे आधी सांगायचं. मग साताऱ्याच्या सुरेखा यादव सांगायच्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, ज्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त होताना शेवटची राजधानी एक्स्प्रेस आपल्या इगतपुरीहूनच मुंबईला नेली. "एवढा घाट उतरवला त्यांनी, आणि हिला नाशिकरोड ते उपनगर दीर लागतो!" पापडाच्या ऑर्डरींचा विषय मात्र काढायचा नाही, नाहीतर सगळंच बिघडेल.

"आणि नाहीच ऐकलं तर?" मी विचारलं.

"तर अण्णांना पाठवीन. ते तिला तांब्याचा पत्रा समजावतील दोन तास. कबूल होईल."

तुमच्या गल्लीतही अशी एखादी सासू असेल तर तिच्या कानावर एवढं घाला: रिक्षा परवान्यांत महिलांसाठी ५ टक्के वाटा आणि त्यांच्या रिक्षांना अबोली रंग, हे राज्य सरकारनं २०१६ मध्येच जाहीर केलं. अर्जावर दिराची सही लागत नाही.